पियानोचा सूर थरथरत नाही

दत्तूमामा,

दहाव्याला कावळा लगेच शिवला. भटजींनी पिंड ठेवून हात मागे घेतला न घेतला, तोच तो सुरूच्या झाडावरून खाली आला, चोच मारली आणि घास घेऊन गेला. जमलेल्या लोकांना नीट उभं राहायलाही वेळ मिळाला नाही. वाडीतले गणपतकाका म्हणाले, "भाग्यवान माणूस. कसली इच्छा मागे ठेवलान नाय." आणि मग माझ्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "भाचीन काय कमी केलंन नाय हो त्याला."

मी मान खाली घातली. लोकांना ते दुःख वाटलं असेल. ती लाज होती.

दुसऱ्यांच्या दहाव्याला काय होतं ते मी ऐकून आहे. तास-तास कावळा येत नाही. मग एकेक जण पुढे होतो, हात जोडतो आणि गेलेल्याच्या मनातलं ओळखायला बघतो. आईला अंतर देणार नाही. विहिरीचं काम पुरं करतो. धाकटीचं लग्न लावून देतो. बरोबर गोष्ट बोलली गेली की कावळा शिवतो म्हणतात. माझा यावर विश्वास आहे का, हे विचारू नकोस. मी बी.ए., बी.लिब. आहे, आणि तरी रिक्षातून भाट्याच्या पुलावरून येताना मी माझं वाक्य तयार करत होते. "मामा, तुझं ते पियानोचं मी शोधते. या वेळी खरं शोधते." ते सगळ्यांसमोर मोठ्यानं म्हणावं लागणार होतं. गणपतकाकांनी विचारलं असतं, कसला पियानो? आमच्यातल्या बायका दहाव्याला जात नाहीत, मी हट्टानं गेले होते, म्हणजे सगळ्यांची नजर माझ्यावरच. इंजिनात तेल घालणाऱ्या माणसाची शेवटची इच्छा पियानो, हे मी त्या लोकांना कसं सांगणार होते?

आणि कावळा उतरला तेव्हा पहिलं मनात काय आलं सांगू? सुटले.

जिवंतपणी तू कुणाला ताटकळत ठेवलं नाहीस. गेल्यावर कावळ्याकडूनसुद्धा ठेवलं नाहीस.

ज्या दिवशी तू माझ्या कॉलेजच्या लायब्ररीत आलास, तो दिवस मला रोज आठवतो. मामीला जाऊन तीन आठवडे झाले होते. मधल्या सुट्टीची वेळ, काउंटरवर पोरापोरींची रांग, आणि मी मान वर न करता पुस्तकांवर शिक्के मारत होते. रांग पुढे सरकत सरकत माझ्यासमोर एक पांढरा शर्ट आला. वर पाहिलं तर तू. किती वेळ त्या रांगेत उभा होतास कोण जाणे. हात घासून घासून धुतले होतेस, तरी नखांच्या कडांना ते काळं होतंच. ते कधीच गेलं नाही म्हणा. बोटीवरून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, पण जेटीवर कुणाच्या ना कुणाच्या लाँचचं इंजिन तू उघडलेलं असायचंच.

"बाय, एक गाणं शोधायचं हाय."

"मामा, इथे गाणी नसतात. पुस्तकं असतात."

"गाणं म्हणजे गाणं नाय गो. नुसतं वाजवलेलं. पियानो."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. मी जे सगळ्यांना विचारते तेच तुला विचारलं. आमच्या कामाची ती पद्धतच आहे, नाव सांगा, लेखक सांगा, त्याशिवाय काही सापडत नाही. "नाव काय? कुणाचं आहे?"

"नाव म्हायत असतं तर तुझ्याकडे कशाला आलो असतो?"

आणि तू दोन्ही हात माझ्या काउंटरवर ठेवलेस. डावा हात हळू हळू आपटायला लागलास, दुम… दुम…, आणि उजव्या हाताची बोटं एकेक करून लाकडावर टेकवत नाकातून ती चाल गुणगुणायला लागलास. डोळे मिटून. इंग्रजीचे सर पुस्तकं परत करायला आले होते, ते चष्मा वर करून बघत राहिले. मी काउंटरला वळसा घालून बाहेर आले आणि तुझं कोपर धरलं. नातेवाइकाचं धरतात तसं नाही. बाहेर काढायच्या माणसाचं धरतात तसं.

फाटकाबाहेरच्या टपरीवर तुला चहा दिला आणि म्हटलं, "मामा, असं इथे येत जाऊ नको."

तू बशीत चहा ओतलास, फुंकर मारलीस, आणि म्हणालास, "रांगेत उभा होतो गो. मधे नाय घुसलो."

हे एक वाक्य घेऊन मी सध्या फिरते आहे.

वडील गेल्यावर याच कॉलेजात मला घालायला तूच आला होतास. माझी आई चौथी, तू सातवी, आमच्या घरात पदवीचं कुणी नावही काढलं नव्हतं. फॉर्मवर पालकाचा व्यवसाय विचारला होता. मी ऑइलमन लिहिलं नाही. मर्चंट नेव्ही लिहिलं. आपल्याकडे बोटीवर जाणाऱ्यांच्या घरात सगळे तेच लिहितात आणि वाचणारा आपोआप पांढऱ्या गणवेशातला अधिकारी डोळ्यांपुढे आणतो. तू शेजारी उभा राहून वाचलंस आणि म्हणालास, "बरोबर हाय. नेव्हीच ती. खालची." आणि हसलास. मीही हसले. तेव्हा ती गंमत वाटली होती. माझी लाज तिथूनच सुरू झाली होती, हे मला आता दिसतंय. तू ते त्याच वेळी पाहिलं असशील. इंजिनात कुठे काय घासतंय ते तुला आवाजावरूनच कळायचं.

लायब्ररीतल्या त्या प्रकारानंतरच्या रविवारी मी तुझ्याकडे आले. माफी मागायला नव्हते आले, हे कबूल करते. मी येते, तू भाकरी टाकतोस, आपण जेवतो, एवढंच ठरलेलं होतं. पडवीत तू एका पंपाचे भाग फडक्यावर मांडून बसला होतास आणि पुसता पुसता सगळं सांगितलंस.

तुमच्या बोटीवर पोलंडकडचा एक चीफ इंजिनिअर होता. सहा फुटी, लाल, कुणाशी फारसा न बोलणारा. वर केबिनीत त्याचा स्वतःचा कॅसेटचा टेपरेकॉर्डर होता. बोट भर समुद्रात असताना त्याची मुलगी गेल्याचा निरोप आला. पुढचं बंदर अकरा दिवसांवर. परतायचा मार्ग नाही, घरी बोलायची सोय नाही. तो सकाळी आपल्या वेळेवर खाली इंजिनाच्या कंट्रोल रूममध्ये आला, दाबाची घड्याळं तपासली, केबिनीतून आणलेला टेप लावला आणि खुर्चीत बसला. पियानो. एकच तुकडा. संपला की मागे फिरवून पुन्हा तोच. अकरा दिवस. तुझी पाळी त्याच्याबरोबर. तू तेल घालायचास, तापमान लिहायचास, त्याला काळा चहा करून द्यायचास आणि ते ऐकायचास.

"माझं इंग्लिश ते काय? त्याचं पण तसंच. बोलणार काय त्याच्याशी? पण बाय, ते वाजत होतं ना, ते बोलल्यासारखंच होतं."

मग तू जे बोललास ते मी घरी जाऊन वहीत लिहून ठेवलं. त्या वेळी वाटलं होतं, मामा बरं बोलतो कधी कधी. आता वाटतं, संगीतावरची जी पुस्तकं आमच्या कपाटांत आहेत त्यांतल्या एकातही हे नाही. तू म्हणालास, "तुझी मामी गेल्यावर भजनी मंडळ येऊन गेलं. चांगली माणसं, चांगलं म्हटलानी. पण भजनात देव असतो, तो समजूत घालतो. मला समजूत नको हाय. ते पियानो समजूत घालत नाय गो. नुसतं बाजूला बसतं."

मामी गेल्यावर तू रडला नव्हतास. वाडीतल्या बायका आपसात बोलल्याही होत्या त्यावरून. पंपाची चकती उजेडात धरून बघत तू म्हणालास, "येकदा ते ऐकलं ना, तर सुटेल माझं." काय सुटेल ते मी विचारलं नाही. मला कळलं होतं.

मग दर रविवारी आपलं शोधकार्य. माझा फोन, पडवीतली बाकडी, वाटीत भाजलेले काजू. नाव नाही, गाव नाही, म्हणून मी इंग्रजीत नुसतं उदास पियानो, काळोखा पियानो, दुःखाचा पियानो असं टाकायचे आणि जे येईल ते तुला ऐकवायचे. तू न्यायाधीशासारखा बसायचास. "हे हॉटेलातलं. लोक जेवताना लावतात ते." पुढचं लावलं. "ह्याला दुःख नाय झालेलं. दुःख दाखवतो हाय." एकदा वीस मिनिटांचा तुकडा शेवटपर्यंत ऐकलास आणि म्हणालास, "ह्या माणसाला कुणीतरी थांबवायला पायजे होता." मी काजू हातात धरून हसत सुटले. इतके हसलो आपण की कुंपणाच्या वईपलीकडून गणपतकाकांनी विचारलं, "काय गो, मामाभाचीक काय गावला?"

डावा हात कसा पाहिजे ते तू मला इंजिनावरून शिकवलंस. लाँच जेटीला लावून ठेवलेली असते, इंजिन चालू पण कुठे जायचं नसतं, तेव्हा कसं धपापतं, तसा. आणि उजवा हात म्हणजे पाऊस थांबल्यावरच्या पागोळ्या. पडेल की नाही वाटत असतानाच पडतो तो थेंब.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. तुझ्यासाठी शोधता शोधता मी घरी एकटीच ऐकायला लागले होते. भांडी घासताना, भाजी निवडताना. आधी मला सगळं सारखंच वाटायचं. मग तुझ्या कानानं ऐकायला लागले. कोण दाखवतंय आणि कुणाला झालंय, ते वेगळं करता यायला लागलं. एका संध्याकाळी फणस सोलताना, हात चिकानं भरलेले, मी माझ्या वडिलांसाठी रडले. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली होती. म्हणजे जे तुझं सुटायचं होतं, ते माझं सुटलं. आणि त्याबद्दल तुला साधं थँक यूही म्हटलं नाही, कारण तसं म्हटलं असतं तर तू मला काहीतरी शिकवलंस हे मान्य करावं लागलं असतं.

चौथ्या की पाचव्या महिन्यात ते सापडलं. पहिले चार सूर वाजले आणि तू ताठ झालास. हातातला काजू वाटीत परत ठेवलास. वाजवणाऱ्याचं, लिहिणाऱ्याचं, दोघांचंही नाव माझ्या फोनवर होतं. ते इथे लिहीत नाही. त्या नावावर मी नंतर भरपूर मिरवून घेतलं आहे.

"हीच चाल," तू म्हणालास. मग बराच वेळ ऐकत राहिलास, आणि मान हलवलीस. "पण हे नाय."

"म्हणजे काय मामा? चाल तीच आहे म्हणतोस ना?"

"चाल तीच. पण हे धावतंय. आणि वरून वाजतंय. ते जड होतं. खालून यायचं. आणि सूर असा थरथरायचा, शेवटी शेवटी. माणूस रडू गिळतो ना, तसा."

मी आणखी तीन जणांनी वाजवलेलं तेच लावलं. तू तिन्हींना मान हलवलीस. "थरथरत नाय."

मामा, माझ्या पिशवीत पुस्तक होतं. मी मुद्दाम आणलं होतं, वाद्यांवरचं, जाडजूड, लायब्ररीतलं. तुला दाखवायला म्हणूनच आणलं होतं. तुला आवडेल, पियानोच्या पोटातली चित्रं आहेत, असं वाटून. आणि मी ते तुझ्यावर उगारलं. पान काढून वाचून दाखवलं. पियानोत हातोडी तारेवर आपटते आणि मागे येते. एकदा सूर निघाला की वाजवणाऱ्याचा त्याच्यावर काही ताबा उरत नाही. तो नुसता विरत जातो. सतारीसारखा ओढता येत नाही, गळ्यासारखा हलवता येत नाही. "कळलं? पियानोचा सूर थरथरत नाही. थरथरूच शकत नाही. तुला भास झालेला असणार."

तू पुस्तकातलं हातोडीचं चित्र बघत होतास. तुझं बोट त्याच्यावरून फिरत होतं, कुठला भाग कुठे बसतो ते बघत. मग एकदम मान वर केलीस. तुझ्या चेहऱ्यावर काहीतरी आलं, आणि तू म्हणालास, "अगो, ते मशीन—"

मी तुला पुढे बोलू दिलं नाही. मी म्हणाले, "मामा, तू तिथे ग्रीस लावायला होतास. पियानो वाजवायला नव्हतास."

पडवीत कोंबड्या फिरत होत्या. त्यांच्या पायांचा आवाज ऐकू येत होता.

"होय बाय," तू म्हणालास. "तू शिकलेली." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी आज बरी असते. मग तूच म्हणालास, "हेच असेल. म्हातारपणात कान जातात." आणि उठून भाकऱ्या टाकायला आत गेलास.

त्यानंतर तू कधी विषय काढला नाहीस. आणि मी काय केलं? कॉलेजात सांगत सुटले. आमच्या मामांना चाळीस वर्षांपूर्वी ऐकलेली एक पाश्चात्य रचना हवी होती, मी शोधून दिली. इंग्रजीचे सर म्हणाले, "वा, हे खरं ग्रंथपालाचं काम!" मी विनयानं हसले. सरांना मी मामा कोण हे सांगितलं नव्हतं. काउंटरवर हात आपटणारा तोच माणूस हे त्यांच्या ध्यानात आलं असेल की नाही, याचीच मला त्या वेळी काळजी होती.

दवाखान्यातल्या शेवटच्या दुपारी तुझा श्वास लागला होता. मी तुझ्या कानात इयरफोन घालून ते लावलं. खोटं बोलत नाही, मला वाटलं मी तुझ्यासाठी काहीतरी सुंदर करते आहे. बाजूच्या खाटेवरची बाई कौतुकानं बघत होती, तेही मला दिसत होतं. तू थोडा वेळ ऐकलंस. मग हळूच इयरफोन काढून माझ्या हातात ठेवलास. "बॅटरी संपेल गो तुझी." त्या शब्दांत सगळं होतं. तू मला दुखवायचं नाही म्हणून शेवटचे श्वास खर्च करत होतास.

तुझ्या बाराव्याला पूर्णगडहून हसनचाचा आले. त्यांचं नाव तुझ्याकडून ऐकलं होतं, एकाच बोटीवर तू खाली इंजिनात आणि ते वर, साहेबांच्या केबिनी आवरायला. पांढरी टोपी, काठी, आणि कुणी हात धरायला गेलं की रागावणं. तुझ्या बाकड्यावर बसून ते पाणी प्यायले आणि तासभर त्यांनी तुझी थट्टा केली. "दत्ता समुद्राक घाबरायचा. वरती येतच नव्हता. म्हणायचा, पाणी दिसलं नाय की बोट बुडत नाय." लोक बाराव्याच्या घरात हसायला लागले. मग बोलता बोलता त्यांनी विचारलं, "त्या चीफचं ते टेपवरचं बाजं अजून आठवायचं का गो त्याला?" आणि मी, सगळ्यांसमोर, सांगितलं. सगळं नाही. सापडलं पण मामाला ते तसं वाटलं नाही, एवढंच.

हसनचाचा काठीवर हनुवटी टेकून ऐकत होते. म्हणाले, "वाटणार कसं? तसं ते जगात कुठे नाय. ते दत्त्यानं केलेलं."

मामा, तू अर्धं सोडलेलं वाक्य मला त्या माणसानं पुरं करून दिलं. चीफच्या मुलीचा निरोप आला त्याच दिवशी टेपरेकॉर्डर खाली आणताना पडला आणि आतला रबरी पट्टा तुटला. समुद्रात पट्टा कुठून आणणार? तू भटारखान्यातला भांडी धुवायचा पिवळा रबरी हातमोजा मागून घेतलास, मनगटाकडून बोटभर पट्टी कापलीस आणि चाकांवर चढवलीस. ती जरा सैल पडली. टेप हळू फिरायला लागला. सूर खाली गेला, जड झाला, आणि पट्टा मधूनच घसरायचा तेव्हा थरथरायचा.

"मी आधी ऐकलेलं ना त्याच्या केबिनीत, साफ करताना. चांगलं चुटचुटीत होतं. खाली येऊन ऐकतो तर रडतंय! मी दत्त्याला म्हटलं, अरे मेल्या, काय केलंस? हे आधी असं नव्हतं. तर तो म्हणतो, चीफची पोर गेली हसन. आता आधीसारखं कसं वाजेल?"

तू दुसरी पट्टी कापायला निघालास. चीफनं तुझा हात धरला आणि मान हलवली. नको. असंच राहू दे.

तेव्हा तू ते तसंच ठेवलंस आणि मग विसरून गेलास, मामा. पट्टा विसरलास, सूर लक्षात ठेवलास. चाळीस वर्षं. आणि मी हातोडीचं चित्र तुझ्यापुढे धरलं, तेव्हा तुझ्यातला ऑइलमन जागा झाला असणार. दोष वाजवणाऱ्यात नाही, वाद्यातही नाही, मशीनमध्ये आहे, हे तुला त्या क्षणी कळलं असणार. असणार, असंच म्हणावं लागतंय. कारण मी विचारलं नाही. चार शब्द आणखी ऐकले असते तर पुढच्या रविवारी तुझं सुटलं असतं.

मी आधी फोनवरच वेग कमी करून पाहिलं. फोन शहाणा असतो, तो चाल लांबवतो पण सूर तिथेच धरून ठेवतो. ते नुसतंच लांबलेलं वाटलं, जड नाही. मग आठवलं, कॉलेजच्या भाषा प्रयोगशाळेतले जुने टेपरेकॉर्डर आमच्याच लायब्ररीच्या माळ्यावर पडलेत, मोडीत काढायच्या यादीत. प्राचार्यांची रीतसर परवानगी घेऊन एक तुझ्या घरी आणला, बरोबर दोन कोऱ्या कॅसेट. हसनचाचांना तुझ्याकडे बोलावलं. तुझ्याच पेटीतला स्क्रू-ड्रायव्हर, दुकानातून आणलेला पिवळा हातमोजा. मी पट्टी कापली आणि आतल्या गळालेल्या पट्ट्याच्या जागी चढवली. फोन जवळ ठेवून टेपवर भरून घेतलं, वाजवलं, आणि जसंच्या तसं वाजलं. चुटचुटीत. सैल पट्टा, तरी काही फरक नाही.

हसनचाचा म्हणाले, "दाखव आता पदवी."

मी तुझ्या बाकड्यावर बसले आणि पहिल्यांदा तुझ्यासारखा विचार करायचा प्रयत्न केला. भरताना टेप हळू फिरला, वाजवतानाही तितकाच हळू. मग फरक कसा पडेल? भरताना पट्टा घट्ट हवा, वाजवताना सैल. हे कळायला मला एक दुपार लागली. तुला उभ्या उभ्या कळलं असतं. मी एक पट्टी आणखी कापली, अरुंद आणि तोकडी, तिच्यावर भरून घेतलं. मग ती काढून पहिली चढवली. माझी नखं काळी झाली होती.

हसनचाचांनी बटण दाबलं.

मामा, ते खालून आलं. जमिनीखालून आल्यासारखं. जेटीला लावलेली लाँच, कुठे जायचं नसलेली. आणि तो थेंब, पडेल की नाही, पडेल की नाही. हसनचाचांनी डोळे मिटले आणि काठी मांडीवर आडवी ठेवली. शेवटाकडे पट्टा घसरला असेल, सूर हलला. गिळलेलं रडू. मी मामीच्या चुलीकडे बघत होते, तुझ्या भाकरीच्या तव्याकडे. कुणी समजूत घातली नाही. नुसतं कुणीतरी बाजूला बसलं.

संपल्यावर हसनचाचा म्हणाले, "हां. हेच." आणि टोपी सारखी करत माझ्याकडे न बघता म्हणाले, "उशीर केलास गो बाय." त्यांना ते टेपरेकॉर्डरबद्दल म्हणायचं होतं की कशाबद्दल, मी विचारलं नाही. दोन्हीकडून खरंच होतं.

मी सावरले वगैरे नाही. लोक म्हणतात, किती केलंस मामाचं. मी मान खाली घालते. कॉलेजात मात्र मी सरांकडे जाऊन सगळं सांगितलं. मामा ऑइलमन होता, काउंटरवर हात आपटणारा तोच, आणि मी शोधून दिलं ते खोटं होतं. सर चष्मा पुसत राहिले.

काल ते वाद्यांवरचं पुस्तक परत जागेवर ठेवायचं होतं. तुझ्याकडून आणल्यापासून माझ्याच टेबलावर होतं. तुला ठाऊक आहे, पुस्तकात कुणी पेन्सिलीची रेघ जरी मारली तरी मी पोरांना रबर देऊन समोर बसवते आणि पान साफ करून घेते. ते पान उघडलं. हातोडीच्या चित्रावर तुझ्या बोटाचा पुसट काळा डाग आहे. तो मी पुसला नाही. दार लोटून घेतलं, पेन्सिलीला टोक केलं, आणि सूर नुसता विरत जातो या वाक्याशेजारच्या समासात, माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं:

थरथरतो. — दत्ताराम, ऑइलमन.